विषय : ब्लॉग लिहिण्याबाबत

शिक्षकाच्या नोकरीत पगार महिन्यातून एकदा मिळतो, किस्से मात्र रोज! त्यात कर्जतच्या कॉलेजात मी 'लेखन आणि मांडणी' हा नवा कोर्स सुरू केला, तेव्हापासून तर ते ठेवायला जागाच नाही. कोर्स साधा होता. दर आठवड्याला प्रत्येकाने एक ब्लॉग लिहायचा, बाकीच्यांनी वाचायचा.

परवानगीसाठी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "ब्लॉग ठीक आहे मॅडम, पण त्याची फाईल कुठे ठेवणार?"

"सर, तो इंटरनेटवर असतो."

"आणि नेट गेलं की?"

शेवटी तडजोड झाली. प्रत्येक ब्लॉगची प्रिंट काढायची, मी मार्क द्यायचे, खाली पालकांची सही घ्यायची आणि मग फाईलला लावायची. पालकांच्या सहीचे ब्लॉग जगात फक्त आमच्याकडेच असतील!

* * *

पहिला विषय दिला, 'माझा रोजचा रस्ता'. मनात येईल तसं लिहा, म्हटलं. बावीस ब्लॉग आले. पहिला उघडला.

"प्रति, माननीय मॅडम. विषय : माझ्या रोजच्या रस्त्याबाबत. महोदया, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की..."

दुसराही तसाच. तिसराही! दाखल्यापासून एसटीच्या पासपर्यंत या मुलांनी आजवर स्वतःहून जे काही लिहिलं, ते अर्जच होते. मी जाम वैतागले. 'यापुढे अर्ज लिहिल्यास निम्मे मार्क कापले जातील' असं फळ्यावर ठळक लिहून टाकलं.

* * *

मग कॉमेंटची गंमत. प्रत्येक ब्लॉगखाली एकवीस वेळा 'छान'! मी 'छान'वर बंदी घातली आणि सांगितलं, "मत द्या, पण कारणासकट."

दहिवलीच्या रोहितने लगेच लिहिलं, "छान नाही. कारण, मॅडमनी बंदी घातली आहे."

* * *

मग आला कोर्सचा मुख्य विषय : 'सहजासहजी न ऐकणाऱ्या एका खऱ्या माणसाला एक गोष्ट पटवून द्या.'

रोहितने कॅन्टीनवाल्या काकांना लिहिलं, चहा फार पातळ असतो. काकांनी ब्लॉग वाचला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यापुढे डांबरासारखा काळा चहा ठेवला आणि म्हणाले, "पी रं आता. रोज आसाच देईन."

रोहित तोंड वाकडं करून वर्गात आला. "मॅडम, पटलं त्यांना. पण जरा जास्तच पटलं!"

वर्ग हसला. मागच्या बाकावरची मनीषा मात्र हसली नाही. "मॅडम, लिहून खरंच कुणी ऐकतं का?"

"ऐकतं," मी ठासून म्हटलं. मनातून मलाही खात्री नव्हती.

* * *

मनीषा पोशीरची. शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटायची नाही, त्यामुळे तिचा पहिला तास रोज बुडायचा. हजेरी इतकी खाली गेली होती की परीक्षेला बसू देतील की नाही, हाच प्रश्न होता. घरी भावाची स्कूटर होती, तो पुण्याला गेल्यापासून नुसती उभी. मैत्रिणीच्या गाडीवर शिकून मनीषाने लायसन्सही काढलं होतं. पण वडील म्हणाले, "पोरीनं गाडी चालवायची नाय," आणि विषय संपला. ते खालापूरला सरकारी कचेरीत शिपाई. स्वतः एसटीने जायचे, पण स्कूटरची चावी रोज खिशात घालून!

तिचा ब्लॉग आला.

"प्रति, माननीय बाबा. विषय : स्कूटरची चावी मिळणेबाबत. महोदय, दादा दोनदा पडला, तरी चावी त्याच्याकडेच राहिली. मी एकदाही पडलेले नाही, कारण मला आपल्या स्कूटरवर चढूच दिलेलं नाही. तरी माझ्या अर्जाचा विचार व्हावा. सोबत : लायसन्सची झेरॉक्स. आपली विश्वासू, मनीषा."

वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. पण नियम म्हणजे नियम. लाल पेनाने निम्मे मार्क कापले आणि प्रिंट सहीसाठी घरी पाठवली.

सोमवारी तिचे वडील खाकी गणवेशात थेट स्टाफरूममध्ये हजर! मी घाईने उठून खुर्ची पुढे केली.

"काका, विषय मीच दिला होता. तिची काही चूक नाही..."

त्यांनी पिशवीतून प्रिंट काढली आणि टेबलावर हाताने सारखी केली. "सव्वीस वर्सं झाली मॅडम. लोकांचे अर्ज सायबांच्या टेबलावर नेऊन ठेवतोय. माज्या नावानं आजवर कुनी अर्ज केला नव्हता."

सहीच्या जागी हिरव्या शाईत लिहिलं होतं, "मंजूर. हेल्मेटच्या अटीवर." कचेरीत हिरवी शाई फक्त मोठे साहेब वापरतात.

"हिरवं पेन कुठून आणलंत?" मी विचारलं.

"सायबांकडनं मागून घेतलं. दोन मिनिटांसाठी." मग त्यांनी माझ्या लाल आकड्यावर बोट ठेवलं. "आता येवढंच सांगा मॅडम. इतका चांगला अर्ज, आनि तुमी निम्मं मार्क कापलंत कशापायी?"