तलावातली मोठी मरळ
जवसाच्या तेलात मासा तळल्याचा वास आला की मला पहिल्या बाळंतपणाआधीचा तो दिवस आठवतो. मोहगावच्या घरी होते, सातवा महिना लागला होता. आदल्या दिवशी गडगडाट होऊन जोराचा पाऊस पडून गेला होता आणि सासऱ्यांनी तलावातून मोठी मरळ आणली होती. नागपूरला कॉलेजात शिकणारी नणंद चुलीजवळ येऊन म्हणाली, "वहिनी, हे खाऊ नोको. वीजघरातल्या कोळशाच्या धुरातला पारा आभाळात चढते आन् पावसासंग खाली येते, गडगडाटी पावसात तर जास्तच. तलावातून तो माशात जाते, मोठ्या माशात साचत राह्यते. पोटातल्या लेकराच्या डोक्याले धोका असते." सासू हसली, "आता पाऊस वर थर्मामीटर फोडून राहिला का वं?" आणि तिनं सगळ्यात मोठा तुकडा माझ्या ताटात वाढला. सासरे ओसरीवरच होते. त्यांच्या कानावर जाईल असं मी कधी बोलले नव्हते. तरी मी म्हणाले, "मले नोको." सासूचा हात थांबला. मग तिनं तुकडा उचलला आणि वरण वाढलं. लेक सुखरूप झाली, पण अजूनही आभाळ गडगडलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. काल दारात मासेवाली आली, तर मी तिच्याकडे लहान मासेच मागितले. "लोक मोठा मागतात, तुमाले लहानच काहून पाह्यजे?" म्हणून ती हसली. मी लहान मासे वेचून घेतले. टोपली उचलून ती शेजारच्या दारात गेली. तिथल्या सुनेला दिवस गेले आहेत. मी तशीच, ओल्या हातांनी, तिच्या मागे धावले.