दोनशे चौदा उल्लेख आणि एक चिठ्ठी

आमच्या संस्थेत माणसं मोजायचं काम माझ्याकडे आहे. मी नागरत्ना बेटगेरी, ग्रंथालयातली. कुणी किती शोधनिबंध छापले आणि दुसऱ्या किती जणांनी आपल्या निबंधात त्यांचा उल्लेख केला, हे यंत्रातून काढायचं आणि साहेबांपुढे ठेवायचं. या उल्लेखांना सायटेशन म्हणतात. तुमचे दहा निबंध असे असले, की प्रत्येकाचे निदान दहा उल्लेख झालेत, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. झालं, एवढ्यावर माणसाची किंमत ठरली. बारा वर्षं मी हे करतेय आणि बारा वर्षं माझं डोकं फिरतंय.

हंचिनमनी सरांचा एच-इंडेक्स होता चार.

डॉ. मडिवाळप्पा हंचिनमनी वनस्पतीशास्त्राचे. चौतीस वर्षं त्यांनी कप्पतगुड्डचा डोंगर पायाखाली घातला. धडप्यात ज्वारीची खडक रोट्टी आणि शेंगाचटणी बांधून पहाटेच्या बसने निघायचे आणि संध्याकाळी खांद्यावर रोपांचा भारा घेऊन गदगला परतायचे. ती रोपं वर्तमानपत्रात दाबून, सुकवून, जाड कागदावर शिवून ठेवायची. तसे आठ हजार कागद त्यांच्या खोलीत तीस कपाटांत होते. त्या खोलीला आम्ही हर्बेरियम म्हणायचो. हुबळी, बळ्ळारी, कोप्पळ, कुठून कुठून पोरंपोरी पिशवीत झाडपाला घेऊन यायची. सर देठ मोडून वास घ्यायचे, भिंगातून बघायचे आणि नाव सांगायचे. पोरं प्रबंध लिहायची, डॉक्टर व्हायची, आणि शेवटच्या पानावर आईवडील, देव आणि हंचिनमनी सर यांचे आभार मानायची. यंत्र आभार मोजत नाही.

सरांचाही मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी म्हणायचे, "सर, छापा की काहीतरी. त्या गवतावर सहा वर्षं बसलाय तुम्ही."

"फळ कुठं बघितलंय अजून, नागक्का? पाऊसच पडला नाही दोन वर्षं."

"फळाची वाट बघता बघता रिटायर व्हाल."

"होऊ दे. गवताला कुठं रिटायर व्हायचंय?"

असल्या माणसाला काय सांगणार? मे अखेर ते निवृत्त होणार होते. संस्थेचा नियम असा, की एच-इंडेक्स दहाच्या वर असेल तर निवृत्तीनंतरही माणसाला आपली खोली आणि टेबल ठेवता येतं. नसेल तर खोली मागेल त्याला. आणि मागणारा तयारच होता.

तो म्हणजे विभागप्रमुख शंभुलिंग अक्कीवल्ली. एच-इंडेक्स सत्तावीस. एकेकाळी हाच सरांची पिशवी घेऊन डोंगर चढायचा आणि अर्ध्या वाटेत 'पाय दुखतात' म्हणून बसकण मारायचा. आता त्याच्या हाताखालचा एकही निबंध त्याचं नाव लावल्याशिवाय आणि त्याच्या जुन्या पाच निबंधांचा उल्लेख केल्याशिवाय बाहेर पडत नव्हता. पोरांनी भाताच्या तुसावर लिहिलं तरी त्यात अक्कीवल्लीची शंखपुष्पी यायचीच. संदर्भांच्या याद्या तपासून द्यायचं काम माझं, म्हणून मला ठाऊक. सरांच्या खोलीत त्याला 'रिसर्च इम्पॅक्ट सेल' काढायचा होता.

त्या शंखपुष्पीच्या निबंधावर त्याची सगळी मिजास उभी होती. दोनशे चौदा उल्लेख! शंखपुष्पी खाऊन उंदरांची स्मरणशक्ती वाढली, असा तो निबंध. वनस्पती त्याने बाजारातल्या पोत्यातून उचलली होती. त्यातली एक फांदी कागदावर लावून सरांच्या कपाटात ठेवली होती, कारण छापणाऱ्यांना तसा पुरावा लागतो. सरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की शंखपुष्पीला मऊ लव असते, या फांदीवर एक केस नाही, ही दुसरीच वेल आहे. अक्कीवल्लीने ऐकलं नाही. त्याला छापायची घाई होती.

मार्चमध्ये तो स्वतः सरांच्या खोलीत आला. मी तिथंच सरांच्या निबंधांची यादी करत बसले होते. माझी त्याला कसली पर्वा?

"सर," तो म्हणाला, "शंखपुष्पीचा निबंध छापला त्या मासिकवाल्यांनी पिच्छा पुरवलाय. वनस्पती बरोबर आहे अशी जाणकाराची सही मागतायत. तुम्ही त्या फांदीच्या कागदावर सही करा. माझी अठरा पोरं यंदा निबंध पाठवतायत. प्रत्येक जण तुमच्या दहा-बारा निबंधांचा उल्लेख करेल. तुमचा चारचा अकरा झाला समजा. खोली तुमचीच."

"आणि तुझा सेल?"

"मी दुसरी जागा बघेन. तुमच्यासाठी एवढं नाही करणार का सर?"

सरांनी कपाटातून तो कागद काढला आणि भिंग घेऊन बराच वेळ बघितलं. आठ हजार कागदांसाठी एक खोटी सही. मी असते तर केली असती, सरळ सांगते.

हर्बेरियममध्ये एक रीत आहे. आधीच्या माणसाने रोप चुकीचं ओळखलं असेल, तरी त्याची चिठ्ठी फाडायची नाही. तिच्याखाली आपली चिठ्ठी डकवायची. त्यावर आपल्याला पटलेलं नाव, आपलं नाव आणि तारीख. सरांनी ड्रॉवरमधून एक कोरी चिठ्ठी घेतली, वेलीचं खरं नाव लिहिलं, खाली 'म. हंचिनमनी' आणि तारीख. अक्कीवल्लीच्या चिठ्ठीखाली ती खळीने चिकटवली, बोटाने दाबली आणि कागद परत कपाटात ठेवला.

"चहा घेतोस?" त्यांनी विचारलं.

अक्कीवल्लीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "सर, तुमच्यासारख्या माणसांमुळे ही संस्था मागे राहिली," एवढं म्हणून तो तरातरा गेला.

खोली कुणाची ते ठरवायला एप्रिलमध्ये समिती बसणार होती. एका पानावर मी दोघांचे आकडे टाईप करायचे होते, चार आणि सत्तावीस, शिवाय शंखपुष्पीचे दोनशे चौदा उल्लेख. माझे हात शिवशिवायला लागले. मी ते दोनशे चौदाच्या दोनशे चौदा निबंध काढून वाचले. महिनाभर, दुपारचं जेवण टेबलावरच चुरमुऱ्यांच्या गिरमिटवर भागवून. अठ्ठावीस त्याच्याच पोरांचे. तेवीस जणांनी नुसतं नाव टाकलेलं. आणि उरलेल्या एकशे त्रेसष्ट जणांनी निबंधातल्या फोटोवरूनच लिहिलं होतं, की अक्कीवल्लीने वापरलेली वनस्पती शंखपुष्पी नाही, असं कुणी करू नये. जगभर लोक या माणसाला नावानिशी चूक म्हणत होते आणि यंत्र प्रत्येक चपराकीला एक गुण देत होतं.

मी दोनशे चौदाचा आकडा खोडला नाही. त्याच्याखाली चिठ्ठी डकवली. 'यांपैकी १६३ उल्लेख वनस्पती चुकीची असल्याचं सांगणारे. मोजणारी : नागरत्ना बेटगेरी.' खाली तारीख.

समितीचे अध्यक्ष बेंगळुरूहून आले होते. त्यांनी मला आत बोलावलं. अक्कीवल्ली शेजारीच बसला होता आणि सर लांब, दाराजवळच्या खुर्चीवर.

"मेडम, ही चिठ्ठी तुम्ही लावली?"

"हो सर."

"दोनशे चौदा हा आकडा चूक आहे का?"

"नाही. बरोबर आहे. पण लोकांनी त्यांना नावं ठेवलीत त्यात."

"पण लिहिलंय ना त्यांच्याबद्दल?" अध्यक्ष हसले. "एकशे त्रेसष्ट लोकांना दखल घ्यावी लागली. यालाच इम्पॅक्ट म्हणतात मेडम. हंचिनमनींची कुणी एवढी दखल घेतलीय का?"

सगळे हसले. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते माझ्या चिठ्ठीकडे बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "तारीख घातलीस, बरं केलंस. कधीतरी कुणीतरी उघडेल."

"कोण उघडतंय सर? फाईल बांधून वर टाकणार ते," मी म्हणाले. त्यांचा तो धीर मला कधी पटला नाही आणि आजही पटत नाही.

जूनमध्ये तीस कपाटं सायकल स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. सरांच्या खोलीला चुना लागला, काचेचं दार बसलं आणि सेल सुरू झाला. सेलमध्ये मोजायला माणूस हवं, म्हणून माझी बदली तिथंच झाली. सरांचं टेबल जिथं होतं तिथंच माझं टेबल आलं.

ऑगस्टमध्ये मासिकवाल्यांचं पत्र सेलच्या पत्त्यावर आलं. मूळ कागदाचा फोटो पाठवा. अक्कीवल्ली माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "मेडम, खालची चिठ्ठी वगळून काढा. फक्त फांदी आणि माझी चिठ्ठी."

"बरं," मी म्हणाले. शेडमध्ये जाऊन कागद शोधला. पूर्ण फोटो काढला, दोन्ही चिठ्ठ्यांसकट, आणि तसाच पाठवला. नंतर तो माझ्यावर खेकसला, मेमो दिला. मी मेमोची पोच सही करून दिली.

डिसेंबरात मासिकाने निबंध मागे घेतला. वनस्पती चुकीची, असं स्पष्ट छापलं. मी ते पान घेऊन सरांच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि बाजूला ठेवलं.

"कपाटांत डांबरगोळ्या घालतेस ना?"

मला सांगावंच लागलं. शेड गळलं होतं. "सर, दोन कपाटांना वाळवी लागली."

"कुठली?"

"बावीस आणि तेवीस."

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "ती गवतं. पठारावरची. तिथं आता पवनचक्क्या झाल्यात, नागक्का. परत नाही मिळायची."

त्यांच्या बायकोने पुढे ठेवलेला चहा तसाच निवला. मी उठले.

सोमवारी यंत्र उघडलं. निबंध मागे घेतला तरी यादीत तो जिथल्या तिथं होता. पोरांचे यंदाचे निबंध अजून छापून यायचे होते, म्हणून महिनोनमहिने न हललेला आकडा मात्र एकाने वाढला होता. निबंध मागे घेतल्याची जी सूचना मासिकाने छापली, तिच्यात त्या निबंधाचा उल्लेख होता, आणि यंत्राने तोही मोजला होता. मी अक्कीवल्लीच्या नावापुढे दोनशे पंधरा टाईप केलं. सरांना मी हे सांगितलेलं नाही.