ठाण्यातून परत आलेली दुनळी

ती फुटलेली बंदूक आजही आठवते, आणि आठवली की या वयातही डोकं तापतं. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले. पण झोप उडवली ती या प्रकरणाने, ज्याला वरिष्ठ ‘किरकोळ’ म्हणत होते.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. गोंडपिपरीच्या बाजूच्या एका ठाण्यात मी नुकताच ठाणेदार म्हणून रुजू झालो होतो. निवडणूक आटोपलेली होती. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात आणि निकालानंतर परत जातात. जंगलाला लागून धानाची शेती असल्याने पीक राखायला बारा बोअरची दुनळी बाळगणारे शेतकरी त्या भागात बरेच. त्या वर्षी निवडणूक ऐन पावसाळ्यात आली. बंदुका मालखान्यात आणि रानडुकरं धानाच्या बांधीत मोकाट. निकाल लागताच लोक बंदुकांसाठी ठाण्यावर तुटून पडले होते. हे सगळं मी येण्याआधीच उरकलं होतं.

मी आलो आणि लगेच एका संध्याकाळी खबर आली. एका शेतकऱ्याने मचाणावरून डुकरांवर बार काढला, डावी नळी फुटली आणि नळीखाली धरलेल्या हाताची तीन बोटं गेली. त्याला चंद्रपूरच्या दवाखान्यात हलवलं. फौजदाराने पंचनामा केला, उजव्या नळीतलं न उडालेलं काडतूस काढून घेतलं आणि बंदूक मुद्देमालात जमा केली.

दुसऱ्या दिवशी फौजदाराला त्याच्या खबऱ्याने टीप दिली की तालुक्याच्या गावातला बंदूक दुरुस्तीवाला मिस्त्री चोरून काडतुसं भरून देतो आणि त्यात दारू जास्त ठासतो. शिवाय पावसाळ्याआधी याच बंदुकीच्या तोंडाचं काम त्याने केलं होतं. दुनळीचं तोंड आतून थोडं आवळलेलं असतं, छर्रा फार पसरू नये म्हणून. त्याला चोक म्हणतात. तिथे पडलेला पोचा त्याने काढला होता. झालं, फौजदाराच्या लेखी गुन्हा उघडकीस आला. मी साहेबांच्या बैठकीहून परतलो तेव्हा मिस्त्री ठाण्याच्या बाकावर बसवलेला होता.

साठीच्या घरातला मुसलमान कारागीर. बापाच्या वेळचं दुकान. फौजदार त्याला कबुलीजबाबावर सही कर म्हणत होता.

“सही नाई करत,” मिस्त्री म्हणाला. “मारायचं तर मारा साहेब. काडतूस मी आजवर भरलं नाई. नळी माझ्या हातानं फुटली असं मी लिहून देल्लं, तं उद्या माझ्या दुकानाची पायरी कोण चढल? मले जेल चालते, हे नाई चालत.”

“लई कायदा शिकवते काय बे?” फौजदाराचा हात उठला. मी तो हात हवेतच धरला आणि त्याला बाहेर पाठवलं. माणूस घाबरून गप्प बसला तर मला शंका येते, पण मार समोर दिसत असताना सही नाकारणाऱ्याचं ऐकून घ्यावं, हे मी फार आधी शिकलो होतो.

बंदूक मागवली. नळी फुटायची कारणं प्रशिक्षणात आम्हाला चांगली घोटून घेतली होती. दारू जास्त झाली तर नळी मागे फुटते, जिथे काडतूस बसतं तिथे. चोक बिघडवला असेल तर तोंडाशी चिरते. इथे मागचा भाग शाबूत होता, उडालेल्या काडतुसाचं पितळ जराही फुगलेलं नव्हतं, तोंडही जसंच्या तसं गोल. फाटली होती ती मधोमध, आणि फाटल्या जागी लोखंड बांगडीसारखं फुगलेलं. म्हणजे छर्र्याच्या वाटेत काहीतरी अडकून बसलं होतं. डाव्या नळीत ते जळून गेलं. पण उजवी तर उडालीच नव्हती.

मी दुनळी मोडली, म्हणजे काडतूस भरायला उघडतात तशी मधून उघडली, खिडकीकडे धरली आणि उजव्या नळीला डोळा लावला. उजेड दिसला नाही.

फौजदाराला आणि दोन पंचांना आत बोलावलं आणि त्यांच्यासमोर गज घालून आतलं बाहेर काढलं. तेलाने चिकट झालेला, ठासून बसलेला कापडाचा बोळा निघाला. उलगडला तर खाकी कापड, आणि त्याला आमच्या खात्याचं पितळी बटन अजून टाचलेलं. फौजदाराचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

मालखाना सांभाळणाऱ्या हवालदाराला आत घेतलं. निवृत्तीला टेकलेला, निर्व्यसनी, कामाला चोख माणूस. मी बोळा टेबलावर ठेवला.

“माह्याच जुन्या शर्टाचा आहे,” तो म्हणाला. “पावसाळ्यात कुंभारमाश्या नळीत मातीचं घर करतेत साहेब. म्हणून तेलाचे बोळे घालतो मी, सालोसाल. तोंडाशी ठेवला तं तेलाच्या वासानं उंदीर ओढून नेतेत, म्हणून काठीनं आत ठोकतो. परत देताना मीच काढतो. या खेपेला मले मतमोजणीच्या बंदोबस्ताले धाडलं, इथी दुसऱ्यानंच वाटून टाकल्या.”

“वाटणाऱ्याला सांगितलं होतं?”

“इचारलं कोणी?” तो म्हणाला, आणि लगेच टेबलाला धरून पुढे वाकला. “साहेब, पेन्शन जाईन काय माही?”

मला त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू? पण बाहेर बाकावर एक माणूस आमच्या बोळ्याचं पाप डोक्यावर घेऊन बसला होता. मी जबाब घेतला आणि हवालदाराने सही केली. त्या दिवशी ठाण्यात सर्वांत सरळ वागला तो तोच. त्याच्याच जबाबावरून लगेच माणसं पाठवून वाटलेल्या सगळ्या दुनळ्या तपासल्या. आणखी दोन दुनळ्यांत बोळे निघाले, बाकीचे मालकांनी साफ करताना काढून फेकले होते.

मिस्त्रीला घरी सोडलं. तेवढ्यात साहेबांचा फोन. बातमी आमच्याआधीच पोहोचली होती.

“घरचं घरात ठेवा,” साहेब म्हणाले. “मिस्त्रीचं नाव राहू द्या. कोर्टात तो सुटेलच.”

“सुटेल साहेब, पण दुकान सुटेल त्याआधी.”

“तुम्हाला नोकरी करायची आहे ना?”

“करतोच आहे,” मी म्हणालो.

दोष ठाण्याचा, असा अहवाल मी लिहिला आणि त्याच दिवशी रवाना केला. बक्षीस लगेच मिळालं, माझी बदली भामरागडच्या बाजूला. गेलो. तिकडेही माणसंच राहतात. हवालदाराची एक वेतनवाढ थांबली, पेन्शन वाचली. बंदुका न तपासता वाटून टाकणाऱ्याला मात्र कोणी हात लावला नाही, कारण तो कोणाचा तरी माणूस होता. याचा राग मी अजून सोडलेला नाही, सोडणारही नाही.

जाण्याआधी दवाखान्यात त्या शेतकऱ्याला भेटलो. हात बांधलेला होता. बार काढण्याआधी नळीतून एकदा पाहायचं असतं, हे त्याला ठाऊक होतं. मग पाहिलं का नाही, असं विचारलं.

“घरी असती तं पाह्यली असती भाऊ,” तो म्हणाला. “ठाण्यातून आलेली बंदूक होय. तिच्यात काऊन पाहू?”

आमच्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात होतो, तिथे निवडणुकीनंतर बंदुका मी स्वतः उभं राहून परत दिल्या. प्रत्येक दुनळी मालकासमोर मोडायची, त्याच्या हातात द्यायची आणि उजेड दिसतो का ते त्यालाच सांगायला लावायचं. वेळ जायचा, रांग लांबायची, मागे हाताखालचे कुजबुजायचे. कुजबुजू दिलं. निवृत्तीच्या आधीच्या निवडणुकीत पोंभुर्ण्याकडचा एक म्हातारा वैतागला. म्हणाला, “साहेब, ठाण्यातूनच तं येऊन राह्यली. तिच्यात आता काय पाहू?”

“ठाण्यातून येतेय म्हणूनच पाहा, भाऊ,” मी म्हणालो, आणि त्याने नळी डोळ्याला लावेपर्यंत बंदुकीवरचा हात काढला नाही.