नऊ गाणी आणि एक खरखर

२ ऑक्टोबर १९९८, शुक्रवार. कोलंबी सोलायची होती. आदल्या दिवशी दसरा झाला होता, म्हणजे नवरात्रभर आमच्या घरात मासा शिरला नव्हता. त्यात गांधी जयंतीची सुट्टी. बोईसरच्या आमच्या वसाहतीत जनरल शिफ्टची सगळी पुरुषमाणसं घरी होती. कामाची सवय असलेली आणि हाती काम नसलेली माणसं एका इमारतीत कोंडली की काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

कोलंबी आणली होती मावशीने. ही मावशी केळव्याची. सकाळच्या गाडीने टोपली घेऊन यायची, आमच्या चार इमारती फिरायची आणि चारच्या गाडीने परत जायची. मासे विकणं हा तिचा रोजचा उद्योग. दुसरा उद्योग लग्नसराईतला, त्यात तिला जास्त मान होता. ती धवलारीण होती. तिच्या समाजातल्या लग्नात मांडव घालण्यापासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं आणि ते म्हणणारी बाई आल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. तीसएक वर्षं ही बाई दुसऱ्यांच्या पोरींच्या हळदीला गात आली होती.

आता तिच्या गळ्यात गाठ झाली होती. शनिवारी दुपारी मुंबईच्या हॉस्पिटलात दाखल व्हायचं, सोमवारी ऑपरेशन. आवाज बोलण्यापुरता राहील, गाण्यापुरता राहील असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि नातीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेलं. गाणी कुठे लिहिलेली नव्हती, घरात दुसऱ्या कोणाला पुरी येत नव्हती.

नवरात्राआधी तिने मला विचारलं होतं, "बाय, तुमच्याकडं टेप हाय ना? माजी गानी भरून द्या. नऊ हायेत."

मी हो म्हटलं. माझी चूक एवढीच की मी ते बाहेरच्या खोलीत, नवऱ्यासमोर म्हटलं.

माझा नवरा तेव्हा एका सुताच्या कारखान्यात सुपरवायझर होता. आखातातून परतलेल्या त्याच्या भावाने त्याला एक सिंथेसायझर दिला होता. पेटीसारख्या पट्ट्या, विजेवर चालणारा, बासरीपासून ढोलापर्यंत कुठलाही आवाज काढणारा. त्याला जोडायला मग कॉम्प्युटर आला, कॉम्प्युटरला जोडायला वायर आली आणि वायरींना जागा करायला माझं शिलाईचं मशीन खिडकीतून उठून संडासाच्या भिंतीला गेलं.

"कॅसेटला खरखर असते," तो मावशीला म्हणाला. "आपण कॉम्प्युटरवर करू. एकदम स्वच्छ. मागे सिंथेसायझर वाजवतो. नुसता आवाज म्हणजे कच्चा माल, त्यावर प्रक्रिया पाहिजे."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी टेप आत नेऊन ठेवला.

तर त्या शुक्रवारी टोपली नऊलाच रिकामी करून, हातपाय धुऊन, मावशी दहाला बाहेरच्या खोलीत पाटावर बसली. नवऱ्याने एक पट्टी दाबली. सूर आला आणि त्याच्यासोबत, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चरचराट आला. पुन्हा दाबली. पुन्हा चरचराट. अर्ध्या तासाने तो शेजारच्या साहेबांना बोलवायला गेला.

शेजारचे साहेब एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळत. त्यांनी कान लावून ऐकलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अर्थिंग."

इमारतीच्या मागे अर्थिंगचा खड्डा होता. तो पावसानंतर कोरडा पडला असणार, असं त्यांचं म्हणणं. ऑक्टोबरच्या दोन तारखेला पालघर तालुक्यात कोरडं काही शोधायचं म्हणजे कमाल होती, पण मला कोणी विचारलं नाही. त्यांनी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं आणि माझं लोणच्यासाठी आणलेलं खडेमीठ सगळं घातलं. वर आले. पट्टी दाबली. चरचराट.

"वहिनी, फ्रिज बंद करा. पंखेसुद्धा. ट्यूबही काढा."

मी अंधाऱ्या ओट्यावर कोलंबी सोलत राहिले. खालच्या मजल्यावरच्यांचा फ्रिजही बंद करून आले. चरचराट होताच, फक्त आता पंखा नसल्यामुळे स्पष्ट ऐकू येत होता. हे साहेबांनी प्रगती म्हणून नोंदवलं.

साडेअकराला बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासचा मास्तर आला. आमच्या रस्त्यावर चोवीस तास कसली तरी पावडर उडत असे, पण त्याने चपला जिन्यातच काढल्या. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणाला. आधी त्याने व्हायरस शोधला. तो नव्हता. मग रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडून आम्हाला समजावलं की कॉम्प्युटर आवाज तुकड्या-तुकड्यांनी घेतो, तुकडे फार लहान पडले की त्याला दम लागतो आणि तो तडतडतो. त्याने तुकडे मोठे केले. नवऱ्याने पट्टी दाबली. खरखर तीच होती, फक्त आता पट्टी दाबल्यावर अर्ध्या सेकंदाने येत होती.

"म्हणजे फरक पडतोय," साहेब म्हणाले.

मग कॉम्प्युटरचा डबा उघडला गेला. मास्तरने आतून आवाजाचं कार्ड उपटलं, खोडरबर मागितलं आणि कार्डाचे पिवळे दात घासत बसला. नवरा बॅटरी धरून उभा. जेवणाच्या टेबलावर स्क्रू, वायरी आणि कॉम्प्युटरची आतडी.

मावशी पाटावरच. तिला मी बोलू नका म्हणून बजावलं होतं, कारण हल्ली तिचा आवाज दुपारपर्यंतच टिकत असे आणि बोलण्यात खर्च होई. मासे विकणाऱ्या बाईने गप्प बसायचं म्हणजे तिलाही शिक्षा आणि आम्हालाही. तरी एकदा ती म्हणालीच, "इतका तं आमच्या बोटीचा इंजिन पन कोन खोलत नाय."

"मावशी, हे वेगळं असतं," नवरा म्हणाला.

"हां. बोटीला परत यावाचं असतं."

साहेब हसले. नवरा हसला नाही.

एकला तिघे जेवायला बसले, कारण मधेच घरी जाणं त्यांना बरं दिसेना. दोघांची कोलंबी चौघांत वाटली. मावशीने पेज घेतली, तीही हळूहळू गिळत. तिची गाडी चारची, म्हणजे साडेतीनला निघायलाच हवं. मी भांडी घासत हिशेब मांडला: नऊ गाणी, दोन तास, तीन तज्ज्ञ.

मी घरी ब्लाउज शिवते. मशीनमध्ये दोरा तुटायला लागला की मी फरशी उचकटत नाही. आधी सुई बघते, मग दोऱ्याची वाट, मग खालची डबी. हात पुसत मी बाहेर आले आणि विचारलं, "कॉम्प्युटरची वायर काढून नुसतं वाद्य वाजवून पाहिलंत का?"

तिघे एकमेकांकडे बघू लागले.

"तसा तो पहिलाच टप्पा असतो, वहिनी," साहेब म्हणाले.

"मग झाला का तो?"

"तो गृहीत धरला होता."

मी वायर काढली, कानाला लावायचं हेडफोन थेट वाद्यात खुपसलं आणि पट्टी दाबली. चरचराट. हेडफोन मास्तरच्या कानाला दिलं. त्याने ऐकलं आणि टेबलावर पसरलेल्या निर्दोष कॉम्प्युटरकडे पाहिलं.

आवाज कमी-जास्त करायला वाद्याच्या डाव्या कोपऱ्यात एका फटीत पुढे-मागे सरकणारी दांडी होती. ती मी जरा हलवली. तड. पुन्हा हलवली. तड तड. मी वाकून फटीत पाहिलं. फट लाल होती.

मग मला कालचा दसरा आठवला. घरातल्या सगळ्या यंत्रांची पूजा मीच केली होती. शिलाईचं मशीन, मिक्सर, स्कूटर, टेप, कॉम्प्युटर आणि शेवटी हा पाहुणा. हळदकुंकू नेमकं कुठे लावायचं, असा प्रश्न पडला होता. नवऱ्याने या दांडीवर बोट ठेवून सांगितलं होतं, "इथे लाव. सगळा आवाज इथून जातो. हे त्याचं कपाळ." मी बोट ओलं करून बोटभर हळद, बोटभर कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. नवऱ्याने झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं. मग त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं, धूळ जाऊ नये म्हणून.

मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. सांगण्यात लाज कसली, लावणारी मीच होते.

"पूजेने मशीन बिघडत नाही," नवरा म्हणाला.

"पूजेने नाही. कुंकवाने."

साहेब खिडकीबाहेर त्यांच्या स्कूटरकडे बघू लागले. मास्तर हळूच म्हणाला, "काकी, आमच्या क्लासात बारा की-बोर्ड आहेत. प्रत्येकावर लावलंय."

"मग तुम्ही जा," मी म्हटलं, "पण आधी हा कॉम्प्युटर जोडा."

मी शिलाईच्या मशीनचा ब्रश आणला, वाद्य उलटं केलं आणि ठोकलं. एक अक्षत बाहेर पडली. मग औषधाच्या डब्यातलं स्पिरिट, विणायच्या बारीक सुईला कापूस. फटीत घालायचं, दांडी वर-खाली करायची, कापूस बदलायचा. नवरा म्हणाला, मशीनचं तेल घाल. मी नाही घातलं. तेलावर उरलेलं कुंकू बसलं असतं. पहिला कापूस लाल आला, दुसरा गुलाबी, सहावा पांढरा. दहा मिनिटं वाळू दिलं. पट्टी दाबली. स्वच्छ सूर. तीनला दहा कमी होते.

मला वाटलं, झालं. पण कॉम्प्युटर जोडून होईपर्यंत नवऱ्याला मावशीची पट्टी जुळवायची होती. तिचा सूर त्याच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध पडत होता.

"मावशी, जरा खाली घ्या."

"मी खाली घेत नाय, वर घेत नाय. येतं तसं येतं."

"मग जरा वर?"

सव्वातीनला मी मास्तरला विचारलं, "गाणं आणि वाद्य एकदमच रेकॉर्ड व्हावं लागतं का?"

"नाही काकी. वेगवेगळं होतं. वाद्य नंतर कधीही वर घालता येतं."

"म्हणजे सकाळी दहालाच मावशींचं गाणं घेता आलं असतं?"

"आलं असतं ना," मास्तर म्हणाला. "पण तसं कोणी विचारलं नाही."

मी वाद्याची दांडी शून्यावर ओढली. अगदी लोण्यासारखी सरकली, जराही तडतडली नाही. माइक मावशीच्या समोर ठेवला.

"हळदीचं गाणं आधी घ्या, मावशी," मी म्हटलं. नातीला तेच हवं होतं. "बाकीची वेळ उरला तर."

तिने मान हलवली. "हलदीचा सातवा हाय. आदी मांडव, मग पानी, मग जातं. मदलं गानं आदी म्हनलं तं लगीन उलटं लागंल."

यावर वाद घालायला साहेबही पुढे आले नाहीत. तिने मांडवाचं गाणं सुरू केलं. सकाळी जो आवाज बादलीभर होता तो आता तांब्याभर उरला होता, पण सूर जागचा हलला नाही. दुसरं झालं. तिसऱ्यात शेवटी ती दोनदा थांबली. साडेतीन वाजले. तिने टोपली उचलली.

"ऱ्हाऊं दे, बाय. तीन तं तीन."

दारापर्यंत जाऊन तिने पाटावर बसून आखडलेले पाय उंबऱ्याशी सरळ केले, तेवढाच वेळ लावला, आणि गेली. सहा गाणी राहिली, त्यात हळदीचं.

नवऱ्याने तीन गाणी हेडफोनवर ऐकली. "बघ, कॅसेटवर एवढी स्वच्छ आली असती का?" म्हणाला. मग म्हणाला, "बाकीची सहा ऑपरेशननंतर निवांत घेऊ." ओट्यावर कोलंबीची सालं तशीच पडली होती, ती आधी गोळा केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी टेप बाहेर काढला. रेकॉर्डच्या बटणावरचं दसऱ्याचं कुंकू ओल्या फडक्याने पुसलं, मग कोरड्या, मग कोपऱ्यात ब्रश फिरवला. नवे सेल घातले, एक कोरी कॅसेट टेपमध्ये, एक पिशवीत. नवऱ्याचा डबा भरून ठेवला आणि सकाळची गाडी पकडली. उमरोळी, पालघर, केळवे रोड. तिथून टमटम.

मावशी घरापुढच्या ओट्यावर होती. शेजारी हॉस्पिटलची पिशवी भरून तयार. काल घरी आल्यापासून आवाज जपत ती एक शब्द बोललेली नाही, असं सुनेने सांगितलं. आजूबाजूच्या बाया मुद्दाम बघून गेल्या होत्या. मागे सुपारीच्या बागेत कावळे, समोर सुकत घातलेले बोंबील, त्यांच्यावर राखण करणारी नात.

मी टोपली उपडी घातली, त्यावर टेप ठेवला आणि म्हटलं, "चौथ्यापासून."

तिने एकदा खाकरून घशाचा अंदाज घेतला. मी प्ले आणि रेकॉर्ड, दोन्ही बटणं एकदम दाबली.