पहिलं गाणं कुणाचं

रॉक बँडचं कुठलं गाणं आधी बाहेर काढायचं, हे चांगल्या कानाची माणसं ठरवतात असा कुणाचा समज असेल, तर तो काढून टाका. आमचं ठरवलं पुण्याच्या एका म्युझिक कंपनीतल्या माणसानं, मोबाइलच्या स्पीकरवर, डबा खाता खाता.

आम्ही सोलापूरचे तिघं. मी गिटार वाजवायचो आणि गायचो, एक बास वाजवायचा आणि तिसरा ड्रम्स. ड्रमरच्या घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. त्याच्या वडिलांच्या बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आमची प्रॅक्टिस चालायची. पाच गाणी रेकॉर्ड केली. चार माझी, एक त्याचं. जन्मभर मागाच्या खडखडाटात उभं राहून वडिलांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे घरात मायेचं बोलणंही ओरडूनच व्हायचं, यावर त्यानं ते लिहिलं होतं. सांगताना अजून जळफळाट होतो, पण पाचांत तेच चांगलं होतं. मला ते पहिल्या दिवशीच कळलं होतं.

घरच्यांनी त्याला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तुझ्या नावाचं एक तरी गाणं बाहेर आलेलं दाखव, नाहीतर मामाच्या दुकानात बस.

कंपनीवाल्याचा व्हिडिओ कॉल आला. अल्बमच्या आधी एकच गाणं सोडायचं, त्याला ते सिंगल म्हणतात. त्याची परीक्षा सोपी होती. पहिल्या दहा सेकंदांत शब्द यायला हवेत, रील करता यायला हवं, हळदीत नाचता यायला हवं. माझी तीन गाणी तिथंच गारद झाली. उरली दोन. पोरीनं ब्लॉक केल्याचं माझं एक, आणि ड्रमरचं.

"ते मागाचं गाणं ऑफिसमध्ये आवडलंय लोकांना," तो तोंडातला घास गिळत म्हणाला. "सुरुवात थोडी कापू. पण बँड तुमचा आहे, तुम्हीच ठरवा. मागाच्या गाण्याला कोण कोण? हात वर करा."

बासवाल्याचा हात लगेच वर गेला. ड्रमर खाली बघत बसला. पंगतीत भूक असूनही दुसऱ्यांदा जिलेबी न मागणारा माणूस तो, स्वतःच्या गाण्याला हात कसा वर करणार? आणि गरजही नव्हती. मी होतो ना शेजारी. मी गिटारची तार पिळत बसलो. ती आधीच सुरात होती.

"एकच हात. मग ठरलं, ब्लॉकचं गाणं आधी," कंपनीवाला म्हणाला. "ते मागाचं अल्बममध्ये घेऊ."

'अल्बममध्ये घेऊ' म्हणजे 'या एकदा जेवायला', हे मला पक्कं ठाऊक होतं. ड्रमरला नव्हतं. "आल्बममधी येतंय की," म्हणत त्या दिवशी चहाही त्यानंच पाजला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि हा कुंपणाला चहा पाजत होता.

माझं गाणं आलं. दोन आठवडे कॉलेजच्या पोरांनी त्यावर रील केले, मग नवं काहीतरी आलं. अल्बम निघालाच नाही. दिवाळी तोंडावर आली तेव्हा ड्रमरनं कंपनीकडे स्वतःचं गाणं परत मागितलं, स्वतःच टाकतो म्हणाला. करारानं पाचही गाणी कंपनीची, असं उत्तर आलं. त्या करारावर बँडतर्फे सही माझी होती, न वाचता ठोकलेली. नंतर मी कंपनीला मनसोक्त शिव्या दिल्या. फार सोयीचं होतं ते.

सोलापुरातच, नवी पेठेतल्या मामाच्या दुकानात तो आता टॉवेल-चादरी विकतो. बरेच महिने तो रस्ता मी टाळला. परवा गेलो. त्यानं हसून स्टूल पुढं केलं, काय दाखवू म्हणाला, आणि टॉवेलांचा ढीग उलगडू लागला. माझ्याच्यानं राहवेना.

"तुझं गाणं माझ्यापेक्षा लई भारी व्हतं," मी म्हणालो. "मला ठावं व्हतं. माझंच पयलं यावं, म्हणून मी हात वर केला न्हाय."

त्यानं हातातल्या टॉवेलची नीट घडी घातली.

"मग तवाच सांगायचं की," तो म्हणाला. "तुझ्या गाण्याला मीच हात वर केला असता."