दोन्ही ऑटोंत माझाच आवाज

आमच्या दुकानात आवाज भाड्याने मिळतो. पाटीवर तसं लिहिलेलं नाही, पाटीवर 'बिछायत केंद्र व साउंड सर्व्हिस' आहे. पण मागच्या खोलीत मालकांनी भिंतींना जुन्या गाद्या टेकवून रेकॉर्डिंगची जागा केली आहे. कामरगावच्या आसपास कुणाला ऑटोवर भोंगा लावून काही सांगायचं असलं, म्हणजे बियाण्याचं दुकान उघडलं, डोळ्यांचं शिबिर आहे, कुणाची म्हैस हरवली, की मजकूर आमच्याकडे येतो आणि तो मी वाचतो.

मी इथला नाही, साताऱ्याकडचा. आठवीत शाळा सुटली आणि जत्रेतल्या आकाशपाळण्याखाली उभा राहून गिऱ्हाईक बोलवायला लागलो. पाळण्याबरोबर फिरत फिरत वाशीम जिल्ह्यात आलो, इथे मला कावीळ झाली, पाळणा पुढच्या जत्रेला गेला आणि मी राहिलो. मालकांनी खोली दिली. दुकानामागच्या घरातली मावशी पथ्याचं करून घालायला लागली. मी बरा झालो तरी तिने डबा थांबवला नाही. या दोघांचं देणं माझ्यावर इतकं आहे की कुणी काही काम सांगितलं तर 'नाही' म्हणायला माझी जीभ उचलत नाही. सारखं वाटतं, एकदा नाही म्हटलं की उद्या बॅग भरायला सांगतील.

मावशीचा मुलगा पितो. गावातलं देशीचं दुकान शाळेच्या रस्त्यावर आहे, आणि तो बहुतेक त्या रस्त्यावरच असतो. सून लेकराला घेऊन इंझोरीला माहेरी निघून गेली. जाताना सांगून गेली की दुकान बंद झालं तर येईन. तेव्हापासून मावशी दुकान बंद करायच्या मागे लागली. विहारात बायकांची बैठक झाली, सह्या गोळा झाल्या, तहसीलचे लोक येऊन सह्या तपासून गेले आणि मतदान ठरलं.

हे मतदान फक्त बायकांचं असतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान राहणार, आडवीवर मारला तर जाणार. पण यादीतल्या एकूण बायकांपैकी अर्ध्याहून जास्त जणींनी आडवी केली तरच दुकान बंद होतं. म्हणजे जी घरी बसली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीत.

बायकांच्या समितीचा मजकूर मीच वाचला. मावशी स्वतः कागद घेऊन आली होती.

"ए सातारवाले, आपलं पेशवाई बोलनं बाजूले ठेव अन् जरा जोरात वाच. बायका भांडे घासता घासता ऐकतात."

मी जोरात वाचलं. 'माता-भगिनींनो, आडव्या बाटलीवर शिक्का मारा.' पहिला ऑटो गावभर फिरला.

चार-पाच दिवसांनी देशीच्या दुकानवाल्यांचा भाचा आला. त्याच्याकडे टाइप केलेलं पान होतं. बंदीने महसुलाचं नुकसान, रोजगाराचं नुकसान, अवैध विक्रीस प्रोत्साहन. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी पान घेतलं. मालक म्हणाले, "आपलं काम भोंग्याचं. भोंगा कोनाचा नसते." मी मान हलवली आणि वाचून दाखवलं.

भाचा हिरमुसला. "हे तं बातम्यावानी वाटून राह्यलं, भाऊ. कोन ऐकन?"

मालकही म्हणाले, "जमत नाई बाप्पा."

इथे मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. वाचायला सांगितलेलं मी वाचलं होतं. पण काम जमत नाही असं कुणी म्हटलं की मला ती बॅग दिसायला लागते. मी म्हणालो, बायकांना बायकांच्या बोलण्यात सांगावं लागेल. आणि मी माइकसमोर बाईचा आवाज काढला.

"अव बाई, दुकान बंद झालं तं काय हे सुधरतीन? घरी आनून पेतीन. आज रस्त्यावर पडते, उद्या चुलीजवळ पडन. इचार करा, बायहो."

भाच्याने टाळी वाजवली. "वा! हे कुठून आनलं?"

मी नुसता हसलो. ते मावशीचं होतं. तिच्या स्वयंपाकघरात मी भाकरी खात होतो, ती चुलीसमोर बसून स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली होती. 'चुलीजवळ' म्हणण्याआधी ती थोडी थांबली होती, मीही रेकॉर्डिंगमध्ये तिथेच थांबलो. आणि ती तेवढंच बोलली नव्हती. पुढे म्हणाली होती, "तरी बी बंद झालं पाह्यजे. लेकराले शायेत जातानी आपला बाप तसा पडलेला दिसू नये. तेवढं झालं तरी लय." ते पुढचं मी घेतलं नाही. कारण गिऱ्हाईक उभ्या बाटलीचं होतं.

दुसरा ऑटो निघाला. मावशी चार जणींबरोबर ओट्यावर तूर निवडत बसली होती. भोंगा समोरून गेला तशी एक जण खो खो हसली.

"मावशे, हे तं तूच बोलून राह्यली! दोन्ही पार्टीत हाय का वं तू?"

बाकीच्याही हसल्या. मावशी सुपाकडे बघत राहिली. मी दुकानाच्या दारातून हे पाहत होतो. मी आत गेलो आणि उगाच वायरी गुंडाळत बसलो.

त्याच आठवड्यात एका पोर्टलवाल्या पोराने मोबाइलवर बातमी केली: 'दुकानाच्या प्रश्नावर गावातील महिलांमध्ये दोन मतप्रवाह.' आधी पहिल्या ऑटोचा भोंगा ऐकवला, मग दुसऱ्याचा. बातमीत बाई एकही नव्हती. दोन्ही मतप्रवाह माझ्याच घशातून आलेले. लोकांनी ती बातमी एकमेकांना पाठवली. काही जण म्हणाले, बघा, बायकांचंच ठरत नाही.

मावशीने डबा बंद केला नाही, याचीच मला जास्त लाज वाटली. दोन दिवसांनी ती डबा घेऊन आली आणि गाद्यांच्या खोलीत जाऊन बसली.

"लाव तुह्यं मशीन. अर्धं तू सांगितलं. आता पुरं म्या सांगते."

तिने तिच्याच आवाजात सांगितलं. दुकान बंद झालं तरी माझा मुलगा प्यायचा थांबेल याचा भरवसा नाही, तो घरी आणेल, मला माहीत आहे. तरी बंद करा. लेकरांचा शाळेचा रस्ता तेवढा मोकळा होईल. मध्ये तिला खोकला आला, मी तो कापला नाही.

मालकांनी ऐकलं आणि डोकं खाजवलं. "मावशी, असं बोललं तं तुमचंच नुकसान हाय." समितीच्या बायकांनाही तेच वाटलं. एक जण स्पष्ट म्हणाली, "आपुनच शंका काढली तं बाकीच्या कायले येतीन?" समितीने ते नको म्हटलं, आणि भाच्याला तर नकोच होतं. मावशीने मला विचारलं, "तू लावशीन का?" मी म्हणालो, मालकांना विचारतो. मी विचारलं नाही.

मतदानाला सून जीपने आली, लेकराचा हात धरून रांगेत उभी राहिली, शिक्का मारला. ज्या आल्या त्यांच्यातल्या बहुतेकींनी बाटली आडवी केली. पण बऱ्याच जणी आल्याच नाहीत. कुणी कामावर गेली, कुणाला घरच्यांनी सोडलं नाही, आणि कुणी माझं ऐकून विचार करत बसली असेल. आडवी बाटली कमी पडली. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं की महिलांचा दुकानाला कौल. दुसऱ्यात आलं की दारूबंदीचा लढा थोडक्यात हुकला. दोन्ही बातम्यांना एकच फोटो होता. त्यात मावशी कडेला अर्धी दिसते.

जीप आमच्या दुकानासमोरून सुटते. सून निघाली तेव्हा मावशी तिला आत घेऊन आली आणि मला म्हणाली, "आता लाव. आता कोनाचं काई जात नाई." मी मावशीचं ते रेकॉर्डिंग सुनेला ऐकवलं. लेकरू गादीवर उड्या मारत होतं. सून उभ्यानेच ऐकत होती.

संपल्यावर ती म्हणाली, "आत्याबाई, तुमी खरं बोलता. पन तुमालेच भरोसा नाई, तं म्या कशावर येऊ?"

"बराबर हाय तुह्यं," मावशी म्हणाली.

जीपवाल्याने हॉर्न दिला. दोघी बाहेर गेल्या. मावशीने लेकराला वर चढवून दिलं.

ती परत आल्यावर मी कसंबसं म्हणालो, मावशी, माझं चुकलं. ती खुर्चीवर बसली, पदराने मान पुसली.

"तू नसता बोलला तं दुसरं कोनी बोललं असतं. दुकानवाल्यायले का आवाजाची कमी हाय? पन मंग वाक्य माह्यं नसतं ना, बाबू."

मग म्हणाली, "जेव, थंडं होऊन राह्यलं." मी डबा उघडला. ती बसून होती म्हणून खावं लागलं.