कोपऱ्याचा प्लॉट

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी ठरवलं, की आता घर घ्यायचं म्हणजे घ्यायचंच. नागपुरात, महाल भागातल्या आमच्या गल्लीत खिडकी उघडली की जाणाऱ्या स्कूटरचा आरसा आत येतो. थट्टा नाही करत, त्या आरशांनी माझी दोन पातेली ओट्यावरून पाडली आहेत. सरकारी ऑफिसात फायली सरकवत उभा जन्म गेला आणि तिथल्या खिडकीतूनही समोरची भिंतच दिसायची. मला हिरवं पाहिजे होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

माझ्या बहिणीचा मुलगा जरीपटक्यात जमिनींची दलाली करतो. त्यानं एक दिवस इंडोनेशियातल्या, बाली बेटावरच्या एका लहानशा खेड्याचे फोटो आणले. डोंगरउतारावर पायरी-पायरीनं उतरत गेलेली भातशेती, मधून पाण्याचा पाट, बाजूला माड. तिथे बारा प्लॉट पडणार होते. परदेशी माणसाला त्या देशात जमिनीची मालकी मिळत नाही, लांब मुदतीचा भाडेपट्टा मिळतो, हेही पोरानं आधीच सांगून टाकलं. खोटं बोलला नाही, हे मान्य केलं पाहिजे.

"मावशी, लोक माह्यावर भरोसा नाही ठेवत," तो म्हणाला. "तुमच्यावर ठेवतीन. गिऱ्हाइकायची मीटिंग ठेवतो, तुमी फक्त गावाबद्दल दोन शब्द बोला. कोपऱ्याचा प्लॉट तुमाले सवलतीत देतो."

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "म्हातारपणी तिथं जाऊन भात लावतेस काय वं?"

"लावीन नाहीतर कापीन," मी म्हटलं. "पण पाहिल्याशिवाय बोलणार नाही. तिकिटं काढा."

गेलो. खेडं फोटोपेक्षा चांगलं निघालं, याचा मला रागच आला, कारण काहीतरी खोट काढायची तयारी करून गेले होते. गल्ल्या झाडलेल्या, प्रत्येक दारात पानाच्या द्रोणात ताजी फुलं ठेवलेली. गाडीवाला मोडक्या इंग्रजीत सगळं समजावत होता. कोपऱ्याचा प्लॉट पाहिला तर माझे पाय हलेनात. गुडघ्याएवढा भात वाऱ्यावर हलत होता आणि पाटाचं पाणी आधी तिथेच येऊन मग खालच्या शेतांत उतरत होतं. समोर डोळे थकेपर्यंत हिरवं.

आमच्याकडे जागा मनात भरली की आधी नारळ फोडतात, कागद मागून होतात. एकदा नारळ फुटला की जागा आपली वाटायला लागते आणि भाव करताना माणूस ढिला पडतो. हे माहीत असूनही सगळे फोडतात. मीही नारळ विकत घेतला, पर्समधली हळद-कुंकवाची डबी काढली, पाण्याच्या तोंडाशी एक दगड होता त्याला बोटं लावली, आणि दिला दणका. "झालं," मी ह्यांना म्हटलं, "आता कोणाच्या बापाला सोडत नाही."

तेवढ्यात बांधावरून एक बाई धावत आली. माझ्याच वयाची असेल, पाय चिखलानं भरलेले. मला वाटलं, आता शिव्या बसतात. तिनं कुंकू पाहिलं, खोबरं पाहिलं, आणि हात जोडून त्या दगडासमोर बसलीच. मग घराकडे पळाली, फुलांचा द्रोण आणून माझ्या कुंकवाशेजारी ठेवला, माझे दोन्ही हात धरले आणि भराभर काहीतरी बोलत सुटली. डोळ्यांत पाणी.

"काय म्हणते?" मी गाडीवाल्याला विचारलं.

तो म्हणाला, ही तिच्या शेताची पूजेची जागा आहे. बाहेरच्या माणसानं तिच्या पिकासाठी पूजा केलेली तिनं कधी पाहिली नव्हती. कापणीला या म्हणते. पहिला भात तुम्हालाच वाढीन म्हणते.

मी जागा बळकावायला नारळ फोडला होता आणि हिला वाटलं, मी हिच्या दाण्यासाठी देवाला हाक मारली.

तिनं आम्हाला घरी नेलं, केळीच्या पानावर जेवू घातलं. मी माझ्याकडची संत्रा बर्फी दिली. तिनं अर्धी खाल्ली, अर्धी देवापुढे ठेवली. निघताना गाडीत बसल्यावर मी गाडीवाल्याला धरलंच. "जमीन जाणार आहे, हे तिला माहीत आहे ना?"

त्यानं गाडी हळू केली. मग म्हणाला, बाई विधवा आहे, जमीन दिराच्या नावावर. दीर शहरात असतो. कापणी झाली की सांगणार आहेत.

त्या रात्री मी जेवले नाही. ह्यांनी दोनदा विचारलं. लाज वाटत होती, दुसरा शब्द नाही. आणि खरं सांगते, त्या लाजेतही ते हिरवं मला हवंच होतं.

नागपूरला परतल्यावर मी भाच्याला सांगितलं, की प्लॉट घेत नाही, पण मीटिंगमध्ये बोलणार. तो खुश झाला. काय बोलणार ते सांगितल्यावर उडालाच.

"मावशी, माहं दुकान बसवून राहिल्या का तुमी? काहून पण? ते कायद्यानं बरोबर आहे!"

"असेल गा. मीही कायद्यानंच बोलून राहिली."

"घरचीच माणसं अशी!" म्हणत तो गेला. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या, माझं नाव छापलं होतं. त्याला मला थांबवता आलं नाही.

हॉल भरला होता. निवृत्त जोडपी, गांधीबागेतले दोन-चार कापडवाले. मी सगळं सांगितलं. गाव कसं आहे, पाणी कसं येतं, भाडेपट्टा म्हणजे काय. मग कोपऱ्याच्या प्लॉटवरची बाई सांगितली. तिला विचारलेलं नाही, हे सांगितलं. पाट अडला तर खालची शेतंही कोरडी पडतील, हेही सांगितलं. शेवटी म्हटलं, "म्हणून मी घेत नाही."

मला वाटलं, पोचलं.

दुसऱ्या रांगेतल्या एका सज्जन माणसानं हात वर केला. पांढरा सदरा, शांत चेहरा, शेजारी बायको. अगदी आमच्यासारखेच.

"म्हणजे ताई, तुमचा कोपऱ्याचा प्लॉट खाली झाला ना?" तो म्हणाला. "तो मले द्या मग."

भाचा लगबगीनं माईक घ्यायला आला. मी माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि त्या माणसाकडे पाहत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.